क्रीम मोटारीवरची मरून रेघ

“ब्रश सोडा आता,” माझी बायको मंदा म्हणाली.

मी सोडला नाही. तो सुटला. मरून रंगात भिजलेला बारीक ब्रश अंगठ्यातून घसरला, मुठीएवढ्या खेळण्यातल्या मोटारीच्या दारावर आपटला आणि क्रीम रंगावर मोठा डाग पाडून फरशीवर जाऊन पडला. मी तशीच ती मोटार उचलली आणि भिंतीवर फेकली. डाव्या हातानं फेकली म्हणून नेम चुकला. ती धान्याच्या डब्यावर आदळली आणि एक दार लोंबकळत मंदाच्या पायाशी आली.

मंदानं ती उचलली. दार दाबून बसवायचा प्रयत्न केला. मग मला विचारलं, “चहा टाकू?”

“नको.”

“मग जा दवाखान्यात. अकराची गाडी चुकेल.”

तेव्हा आम्ही कराडला राहत होतो. मी पेंटर. हायवेला दिलावर मेस्त्रींचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं गॅरेज होतं, तिथं माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. ट्रकवर नावं, देवांची चित्रं, मागच्या फाळक्यावरची गुलाबाची फुलं, हे सगळं मी करायचो. पण मला लोक ओळखायचे ते लायनिंगसाठी. गाडीच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जी बारीक रेघ ओढतात, ती लायनिंग. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. लांब केसांचा ब्रश घ्यायचा, श्वास धरायचा आणि चालत सुटायचं. सांगलीपर्यंतचे मालक मेस्त्रींना म्हणायचे, बॉडी कोणीही बांधू दे, रेघ प्रल्हाद पेंटरची पाहिजे.

त्या वर्षी उसाच्या हंगामात माझी स्कूटर घसरली. रस्त्यावर उसाचं पाचट पडलं होतं, वरून दव. मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लेट बसली, जखम भरली. पण आतली नस चेचली होती. उजव्या हाताची मूठ वळायची, तांब्या उचलता यायचा, पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांना धड भेटायची नाहीत. शर्टाचं बटण मंदा लावायची. पेन धरलं की लहान पोरासारखं गळून पडायचं.

दवाखान्यात निगडे मॅडम हाताचे व्यायाम घ्यायच्या. त्या मला वाटाणे निवडायला लावायच्या. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, एकेक. चाळिशी उलटलेला माणूस मी, बाजूला गुडघेदुखीच्या बायका बसलेल्या, आणि मी वाटाणे निवडतोय. एक दिवस मी वाटी ढकलून दिली.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “हे आवडत नसेल तर घरी दुसरं काहीतरी बारीक काम करा. तुमच्या मनासारखं. पण रोज करा. हाताला काम नाही दिलं तर तो विसरून जाईल.”

म्हणून मी ती मोटार काढली. माझ्या मामानं लहानपणी पुण्याहून आणलेली, ओतीव धातूची लाल ॲम्बेसिडर. दोन दारं उघडायची. लालपणा जागोजाग उडालेला, एक चाक गायब. मी पेंटरकी शिकत होतो तेव्हा उस्तादांनी ज्या गाडीवर मला पहिल्यांदा लायनिंग ओढू दिली, ती एका डॉक्टरांची क्रीम ॲम्बेसिडर होती. क्रीम अंग, मरून रेघ. मला त्या खेळण्याची हुबेहूब तशी गाडी करायची होती. हात दुरुस्त होईस्तोवर एवढं एक काम पुरेल असं वाटलं होतं.

कुठलं काय. पहिल्याच दिवशी कळलं की साधी गोष्ट एकही होत नाही. खालचा पत्रा दोन रिवेटवर बसवलेला होता. ते ड्रिल करून उडवायचे, तर ड्रिल मला धरता येईना. शेवटी मंदानं मोटार उलटी धरली आणि मी दोन्ही हातांनी ड्रिल पोटाशी धरून दाबलं. ड्रिल सटकलं, तिच्या बोटाला लागलं. तिनं बोट तोंडात घातलं आणि म्हणाली, “दाबा, दाबा, निघतोय.” रंग काढायचं औषध लावल्यावर जुना लाल रंग सुरकुत्या पडून सुटला, तो तिनंच दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडला. गेलेल्या चाकासाठी दुसऱ्या एका मोडक्या खेळण्याचं चाक घेतलं. सायकलचा स्पोक कापून आस केला. तो कापताना पक्कड तीनदा हातातून पडली. प्रत्येक वेळी मी शिवी दिली. प्रत्येक वेळी मंदानं पक्कड उचलून परत हातात दिली.

क्रीम रंग मात्र जमला. स्प्रेचा डबा डाव्या हातानं दाबता येतो. मऊ, सारखा, कुठंही ओघळ नाही. तो वाळल्यावर मोटार खिडकीत ठेवली, तेव्हा अपघातानंतर पहिल्यांदा मला पोटभर भूक लागली.

आणि मग लायनिंग. बोनेटपासून डिकीपर्यंत वीतभरसुद्धा नाही. मी ट्रकच्या अंगभर रेघा ओढल्या होत्या. सुरुवातीला सांगितला तो ब्रश सुटला, तो लायनिंगच्या पहिल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. मंदानं दार ठीक करून ठेवलं होतं, डाग पुसला होता. ब्रशच्या दांडीला तिनं चिंधी गुंडाळून दिली होती, जाड व्हावी म्हणून. रेघ ओढली. ओढली म्हणजे काय, गांडुळासारखी वळवळत गेली. पुसायला घेणार तेवढ्यात मंदा म्हणाली, “गाडीची वेळ झाली. आल्यावर पुसा.”

दुपारी परत आलो. मोटार खिडकीत होती. मी चप्पल काढता काढता पाहिलं आणि तसाच जवळ गेलो. रेघ बरीच सरळ दिसत होती. अगदी माझ्यासारखी नाही, पण गांडूळ नव्हतं.

ऑइल पेंट ओला असताना जरा पसरतो, वाळताना आपोआप सपाट होतो. ब्रशचे केस उमटलेले असतात ते बुजतात. आमच्यात म्हणतात, रंग बसला.

“मंदा, बघ गं. वाळल्यावर बसलीय.”

ती शिवणाच्या मशीनवर होती. साड्यांना फॉल लावायची कामं घ्यायची ती. मशीनवर पिको आणि मग हातानं बारीक टाके. तिनं मान वर केली, मोटारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “हो,” म्हणाली. “बसलीय की.”

मी हसलो असेन. मला आठवत नाही.

त्यानंतर रोज तसंच व्हायला लागलं. सकाळी मी रेघ काढायचो, ती काढताना रडकुंडीला यायचो, आणि दुपारी यायचो तर रंग बसलेला असायचा. डावी बाजू झाली. उजवी झाली. बोनेटच्या दोन्ही कडा झाल्या. दाराच्या मुठीखाली उस्ताद एक छोटा वेल काढायचे. तो मी काढला तेव्हा नुसती रंगाची कालवाकालव होती, आणि परत येऊन पाहतो तर वेल. रंग कितीही बसला तरी कालवलेल्या रंगाचा वेल होत नाही, हे रंगात उभा जन्म काढलेल्या माणसाला समजायला हवं होतं. मला ते समजायचंच नव्हतं. मी निगडे मॅडमना सांगितलं की हात सुधारतोय. त्यांनी अंगठा-तर्जनीची चिमूट तपासली, पुन्हा एकदा तपासली आणि म्हणाल्या, “चालू ठेवा.”

तेवढ्यात दिलावर मेस्त्री घरी आले. एका शाळेच्या बसेसचं काम त्यांना मिळालं होतं. सगळ्या नव्या बॉड्या, पिवळा रंग, निळी लायनिंग, दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत नाव.

“संस्थेच्या माणसानं तुझंच नाव घेतलं,” मेस्त्री म्हणाले. “मी म्हटलं, विचारून सांगतो. खरं सांग पल्हाद, हात कितपत आहे? नसंल होत तर मी स्टिकरवाला बघतो. हल्ली मशीनवर कापून देतात. पण एकदा तो गॅरेजात शिरला की मग तुझं काम कायमचंच गेलं, हे तुला मी सांगायला नको.”

खिडकीतली मोटार आणून त्यांच्या हातात दिली.

मेस्त्रींनी चष्मा लावला. मोटार उजेडात धरली. या अंगानं पाहिली, त्या अंगानं पाहिली. दार उघडलं, लावलं. वेलावरून नख न लावता बोट फिरवलं.

“ही लायनिंग तुझी?”

“मग कोणाची?”

मंदा चहा घेऊन आली होती. मेस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं. तिनं कप ठेवले आणि ती आत गेली.

“चांगली आहे,” मेस्त्री म्हणाले. चहा संपेपर्यंत मोटार मांडीवर ठेवून बसले. जाताना म्हणाले, “सोमवारी ये. पहिली बस तयार आहे.”

सोमवारी मी धुतलेला शर्ट घातला. मंदा बटणं लावत होती. म्हणाली, “आजच जायला पाहिजे का? अजून आठवडाभर थांबला असता.”

“का? तुला काय वाटतंय?”

“मला काय वाटायचंय,” ती म्हणाली आणि शेवटचं बटण चुकीच्या काजात घातलं.

बस पिवळीधमक होती. मी दोरीला खडू लावून आखणी करून घेतली, निळा रंग कालवला, जुना ब्रश घेतला. गॅरेजातली पोरं काम टाकून मागं उभी राहिली होती. बरेच महिने त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी श्वास धरला आणि ब्रश टेकवला.

हातभर गेलो नसेन. ब्रश फिरला आणि रेघ खाली उतरली. मी पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा उतरली. डाव्या हातानं मनगट धरून ओढली, तर रेघ करवतीसारखी दातेरी आली. पिवळ्या रंगावर निळा फराटा वाढत चालला, पुसून पुसून तिथं हिरवट डाग पडला. मागं कोणीतरी घसा खाकरला. मी थांबलो नाही. मला वाटत होतं, घरी होतंय तर इथं का होत नाही? ब्रशलाच शिव्या दिल्या. रंग घट्ट झालाय म्हणालो, टर्पेंटाइन घातलं. मग रंग पातळ झाला आणि ओघळला.

“चला रे, चहा पिऊन या सगळे,” मेस्त्री ओरडले.

पोरं गेली. मेस्त्रींनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. काढून घ्यायला काही जोर लागला नाही.

“पल्हाद, त्या मोटारीवरची रेघ तुझी नव्हती.”

“काय बोलताय?”

“तुझी रेघ एका दमात येते. सुरुवातीला जाड आणि शेवटी शेपटीगत बारीक. ती तशी नव्हती. ती जोडत जोडत आणलेली होती. टाके घातल्यागत. एकावर एक, एकावर एक.” ते थांबले. “झकास होती. पण तुझी नव्हती.”

टाके म्हटल्यावर मला सगळं कळलं.

“तुम्हाला कळलं होतं तर बोलावलंत कशाला?”

“तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. म्हटलं, मोठ्या ब्रशला कदाचित चालंल हात. माझं चुकलं.”

मी घरी कसा आलो ते माझं मलाच माहीत. मंदा फॉल लावत बसली होती. मला अवेळी आलेला पाहून तिनं सुई साडीत खोचली आणि उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

“सगळ्या गॅरेजासमोर इज्जत गेली माझी. खूश?”

“मी म्हटलं होतं थांबा म्हणून.”

“थांबा म्हटलंस! सांगितलं का नाहीस? रोज मी मूर्खासारखा रंग बसला, रंग बसला म्हणतोय आणि तू हो म्हणतेस?”

“पहिल्या दिवशी मी पुसायलाच घेतली होती,” ती म्हणाली. “पुसता पुसता सरळ करून बघितली. तुम्ही आलात आणि हसलात. किती महिन्यांनी हसलात. मग कसं सांगणार?”

“म्हणजे कीव केलीस.”

मी मोटार उचलली आणि थिनरचा डबा घेतला. सगळी लायनिंग पुसून टाकायची होती. पण डब्याचं झाकण निघेना. चिमटीत धरलं, निसटलं. दातांनी धरलं, तरी निघेना. मी तो डबा हातात घेऊन नुसता उभा राहिलो. रागानं माझे कान तापले होते आणि एक झाकण निघत नव्हतं.

मंदानं माझ्या हातातून डबा घेतला. झाकण काढलं. चिंधी भिजवली आणि माझ्यासमोर ठेवली.

“पुसा,” म्हणाली.

मी पुसली. एक अख्खी बाजू, वेलासकट. खाली क्रीम रंगसुद्धा मऊ पडला. मग मोटार तिच्यापुढं आपटली.

“काढ आता. माझ्यासमोर.”

“तुम्ही बघत असताना नाही येणार मला.”

“काढ म्हणतो ना!”

तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि बसली. ब्रश घेतला. तिनं एक बारीक टाका घातला, मग दुसरा.

“टाके घालू नको! फॉल आहे का ती?”

“मला असंच येतं!”

“मनगट टेकवू नको. करंगळी टेकव. करंगळीवर हात चालव. अगं रेघेकडं काय बघतेस? रेघ जिथं जायचीय तिकडं बघ!”

“ओरडू नका, चुकतं माझं.”

“मग चुकव! पूस आणि परत काढ!”

किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. जेवायचं राहिलं. तिनं काढायची, मी ओरडायचं, तिनं पुसायची. एकदा तर तिनं ब्रश माझ्या अंगावर फेकला, धुतलेल्या शर्टावर मरून फराटा उमटला. मग परत मागून घेतला. आणि एकदा, ती इतकी वैतागलेली असताना की माझं काही ऐकतच नव्हती, तिनं बोनेटपाशी ब्रश टेकवला आणि डिकीपाशी उचलला. मध्ये कुठंही थांबली नाही. शेवटी रेघ बारीक होऊन संपली.

आम्ही दोघंही त्या रेघेकडं पाहत राहिलो. मला चांगलं म्हणता आलं नाही. मला आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती मोटार मेस्त्रींना नेऊन दाखवली आणि कोणाची रेघ आहे ते सांगितलं. त्यांनी ती टेबलावर ठेवून घेतली. खूप वेळ दाढी खाजवत बसले. गॅरेजात बाईमाणूस कधी कामाला नव्हतं. शेवटी म्हणाले, “तू संगं असशील ना? मग आण वहिनींना.”

असं आमचं काम सुरू झालं. आखणी माझी, अक्षरांची मापं माझी, रंग कालवायचा मी, आणि ब्रश तिचा. गॅरेजातली पोरं पहिल्या दिवशी फिदीफिदी हसली. नंतर हसायची थांबली, कारण आमची भांडणं ऐकण्यात त्यांना जास्त मजा यायला लागली. मला राहवायचंच नाही. तिचा हात इंचभर सरकला की माझा हात उचलला जायचा, आणि काही करता येत नाही म्हणून तोंड चालायचं.

तिसऱ्या बसवर ती ‘विद्यालय’ लिहीत होती. ‘द्य’ची गाठ तिला नीट बसेना. मी आधी सांगितलं, मग ओरडलो, मग म्हणालो, “शाळेच्या गाडीवर अडाण्यागत लिहिणार आहेस का?”

तिनं ब्रश डब्यात ठेवला. बसची पायरी चढली आणि आत जाऊन बसली. मी बाहेर उभा. पोरं बघत होती. शेवटी मीही चढलो. आत सगळी बाकं लहान मुलांच्या मापाची. ती खिडकीशी गुडघे छातीशी घेऊन बसली होती, कोपरापर्यंत निळी. मी तिच्या पुढच्या बाकावर अवघडून बसलो.

“नको करूस,” मी म्हणालो. “तुला त्रास होतोय. माझ्यासाठी म्हणून हे करू नकोस. तेव्हाही माझ्यासाठी केलंस आणि काय झालं ते बघितलंस.”

“तुमच्यासाठी?” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी केलं तुमच्यासाठी.”

“आणि नंतर?”

ती खिडकीच्या काचेवरचा निळा ठिपका नखानं खरवडू लागली.

“नंतर मी वाट बघायचे, तुम्ही कधी जाताय त्याची. अकराची गाडी चुकू नये म्हणून मीच घाई करायचे ना? तुम्ही गेलात की दार लावायचे आणि बसायचे. फॉलची कामं पडून राहिली होती, बायका ओरडून जायच्या. त्या वेलाला तर तुम्ही येईपर्यंतचा सगळा वेळ गेला. तुमचं पाऊल वाजलं तेव्हा वाटलं, अजून जरा उशिरा आला असता तर.”

मी बाकाची पाठ धरून मागं वाकलो.

“मग सांगायचंस.”

“काय सांगायचं?” ती माझ्याकडं वळली. “तुमचा हात गेलाय आणि मला मजा येतेय, असं सांगायचं?”

माझ्या हाताबद्दल तोपर्यंत ‘गेला’ असं कोणीही म्हटलं नव्हतं. मॅडमनी नाही, मेस्त्रींनी नाही, मी स्वतःशीसुद्धा नाही. सगळे ‘होईल’, ‘चालू ठेवा’ म्हणत होते. तिनं ते सरळ म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण इतके महिने मी जे मुठीत आवळून बसलो होतो, ते खाली ठेवल्यासारखंही वाटलं.

मेस्त्रींनी बाहेरून पत्र्यावर थाप मारली. “रंग वाळतोय ओ वहिनी!”

मंदा उठली. माझ्या बाकाजवळ क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ती गाठ एकदा हवेत काढून दाखवा. बोटानं. ओरडू नका फक्त.”

मी उजवा हात उचलला. बोटं मिटेनात, पण हवेत गाठ काढायला मिटावी लागत नाहीत. तिनं नीट पाहिली, दोनदा काढायला लावली आणि खाली उतरली.

मी लगेच उतरलो नाही. खिडकीतून वाकून पाहिलं तर ती सगळा शब्द पुसत होती. मग तिनं पहिल्या अक्षरावर ब्रश टेकवला, करंगळीवर हात तोलला, आणि मी ओठ दाबून धरले.